ताहर वाचवायचा तर आधी शेळीचं बोला

अरबस्तानातल्या एका रानशेळीच्या नावात एक मुंबईकर डॉक्टर आहे. आत्माराम सदाशिव जयकर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरले, मस्कतला नेमणूक झाली आणि एकोणिसाव्या शतकाची अखेरची सुमारे तीन दशकं त्यांनी तिथेच काढली. दवाखाना सांभाळून हा गृहस्थ मासे, सरडे, साप, कातडी, शिंगं जमवून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवत राहिला. अरबी तर इतकी आत्मसात केली की चौदाव्या शतकातला एक अरबी प्राणिकोश इंग्रजीत आणला. १८९४ साली ओल्डफील्ड थॉमस यांनी हजर पर्वतातल्या ताहर या रानशेळीचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला जयकरांचं नाव दिलं. एक समुद्रघोडा, एक सरडा आणि वाळूतला एक बिनविषारी सापही त्यांच्या नावे आहे. आपल्याकडे यातलं काही शाळेत शिकवत नाहीत, ते असो.

अरबी ताहर जगात फक्त हजर पर्वतात आहे. हा पर्वत ओमानच्या उत्तरेकडून संयुक्त अरब अमिरातीत शिरतो. जनावर लहान, खांद्यापाशी दोन-सव्वादोन फुटांचं. राठ तांबूस केस, मागे वळलेली शिंगं, आणि उभ्या कड्यावर जिथे आपण हात टेकवायलाही कचरू तिथे सहज धावणारे पाय. मोठे कळप करून राहत नाही, एकटं किंवा दोन-तीन जणांचं कुटुंब. उत्तरेकडे तोंड केलेले, थोडा जास्त पाऊस झेलणारे उतार त्याला लागतात, आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी लागतंच. जाणती जनावरं अडीच हजारांहून कमी उरली असावीत, असा संकटातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीचा अंदाज आहे. पूर्वी नीलगिरी, हिमालय आणि अरबस्तान इथले तिन्ही ताहर एकाच प्रजातीतले (जीनसमधले) मानले जात. २००५ साली जनुकं तपासल्यावर ते मोडलं. नीलगिरीचा ताहर मेंढ्यांच्या जवळचा निघाला, हिमालयातला शेळ्यांच्या, आणि अरबी ताहरचा सर्वांत जवळचा नातलग निघाला उत्तर आफ्रिकेतला औदाद, म्हणजे बार्बरी मेंढा. तांबडा समुद्र मधे टाकून जगणारे हे दोन भाऊबंद. त्या औदादकडे पुढे यायचंच आहे.

या ताहरबद्दल आज जी चर्चा ऐकू येते ती मुख्यतः प्रजनन केंद्रांची, गळ्यात बांधायच्या उपग्रही पट्ट्यांची आणि स्वयंचलित कॅमेऱ्यांची. २०१९ साली अमिरातीतल्या अल ऐनजवळच्या जेबेल हफीत डोंगरावर एक ताहर मादी कॅमेऱ्यात आली. त्या डोंगरावर १९८२ नंतर पहिल्यांदाच. बातमी सगळीकडे झळकली, आणि झळकायलाच हवी होती. पण असे कॅमेरे लावून कोणी बसलं तर हजरमध्ये सर्वांत जास्त छायाचित्रं कुणाची मिळतील? शेळीची. घरच्या शेळीची. तिच्याबद्दल बोलायची वेळ आली की चर्चेचा आवाज एकदम खाली येतो, कारण शेळीला मालक असतो, मालकाला टोळी असते आणि टोळीला मान असतो.

हजरमधल्या गावची शेळी सकाळी सुटते आणि कातळावर चढते. सिद्र नावाचं बोरीच्या जातीचं झाड तिथल्या ओढ्यांच्या काठी असतं. शेळी मागच्या पायांवर उभी राहते, पुढचे खूर फांदीला टेकवते आणि तोंड पोचेल तिथवरचा पाला ओढून घेते. अशी झाडं खालून कात्रीने कापल्यासारखी दिसतात, वर छत्री आणि खाली मोकळं. त्यांच्या बुडाशी वितभर उंचीचं कोवळं रोप शोधून पाहा, क्वचितच सापडेल. म्हणजे आजचं झाड आहे तोवर आहे, उद्याचं उगवलेलंच नाही. संध्याकाळी हीच शेळी घरी येते. घरी टाकीचं पाणी असतं, लसूणघास असतो, खजूर असतो, आणि ओमानच्या जुन्या रीतीप्रमाणे सुकवलेली तारलीसुद्धा जनावरांपुढे टाकली जाते.

खरी गोम या संध्याकाळच्या चाऱ्यात आहे. दोन वर्षं पाऊस पडला नाही की ताहर मरतात, पिल्लं जगत नाहीत, संख्या आपोआप खाली येते आणि डोंगर जरा श्वास घेतो. शेळी मात्र दुष्काळात मरत नाही. तिला खाली गावात बाजारातला चारा मिळतो, आणि डोंगरावर जे काही उरलं असेल तेही ती खाऊन येते. दुष्काळात डोंगराने जो ताण झेलायचा तो एकट्या ताहरच्या वाट्याला येतो. दोन जनावरांमधली ही सरळ स्पर्धा नव्हेच, कारण त्यातल्या एकाचा खर्च कोणीतरी बाहेरून भरतं आहे.

पूर्वी असं नव्हतं. हजरमधले शावावी, म्हणजे डोंगरातले शेळीपालक, कळपाबरोबर हिंडत आणि चारा संपला की जागा सोडत. शेळ्या किती ठेवायच्या हे पाण्यावर ठरे. १९७० नंतर तेलाचा पैसा आला, रस्ते झाले, शाळा-दवाखाने झाले, पोरं मस्कतला नोकरीला लागली. हे चांगलंच झालं, त्यात रडण्यासारखं काही नाही. पण कळपामागचा माणूस गेला आणि कळप राहिला. आता मालक सुट्टीच्या दिवशी पिकअप घेऊन येतो, चाऱ्याचे भारे टाकतो आणि परत जातो. काही ठिकाणी तर मालकही उरला नाही. ओमानच्या उत्तर टोकावरच्या मुसंदमच्या आणि अमिरातीच्या डोंगरांत पूर्ण रानटी झालेल्या शेळ्यांचे कळप हिंडतात. त्यांना कुणी पाजत नाही, कुणी धरत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग शेळ्या आणि शेळीवाले डोंगरातून हलवा. हा उपाय सांगायला सोपा आहे आणि तो इथियोपियात करून झालेला आहे.

सिमियन पर्वतात वालिया नावाचा आयबेक्स, म्हणजे मोठ्या शिंगांचा रानबोकड, राहतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. इथियोपियाच्या फुटबॉल संघाला लोक वालिया म्हणतात, इतकं ते जनावर तिथल्या अभिमानाचं आहे. १९६९ साली सिमियन राष्ट्रीय उद्यान झालं, १९७८ साली युनेस्कोच्या पहिल्याच यादीत त्याचं नाव आलं. त्याच सुमारास दर्ग नावाच्या तिथल्या लष्करी राजवटीने उद्यानातल्या काही गावांमधून लोकांना बळजबरीने बाहेर काढलं. त्या लोकांच्या लेखी उद्यान म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे बंदूक. पुढे यादवी युद्धात उद्यानाची ठाणी उद्ध्वस्त झाली तेव्हा ती वाचवायला गावकरी धावले असतील, असं मानायला मी तयार नाही. १९९६ साली युनेस्कोने सिमियन धोक्यातल्या वारसास्थळांत टाकलं. त्यातून नाव निघावं म्हणून चराई कमी करणं, गिच या मोठ्या गावाचं पुनर्वसन करणं, अशी कामं सुरू झाली. २०१६ साली गिचची चारशेहून अधिक कुटुंबं देबार्क शहराजवळ हलवली गेली. या वेळी मोबदला मिळाला, बळजबरी पूर्वीसारखी नव्हती. २०१७ साली नाव यादीतून निघालं. सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

आणि वालियाचं काय झालं? २०१५च्या आसपास गणती आठशेच्या पुढे गेली होती. त्यानंतर २०२०-२१पासून उत्तर इथियोपियात युद्ध पेटलं, मग अम्हारा भागात पुन्हा चकमकी सुरू झाल्या. पहारेकऱ्यांना डोंगरात जाता येईना, पर्यटक थांबले, बंदुका मोकळ्या झाल्या. अलीकडच्या गणतीत आकडा तीनशेच्या घरात आला. गिचच्या पठारावरचं गवत वाढलं हे खरं, पण गवत राखणारा आणि शिकाऱ्याला हटकणारा माणूस तिथे उरला नव्हता. मी असं म्हणत नाही की गिच हलवलं नसतं तर वालिया वाचला असता, युद्धापुढे कुणाचंच चालत नाही. पण रिकामा डोंगर म्हणजे सुरक्षित डोंगर, हा समज मात्र सिमियनने पार खोटा ठरवला.

शेळीवाल्यावर सगळं ढकलण्यात आणखी एक अन्याय आहे. अरबस्तानातली रानजनावरं मुळात संपवली कुणी? पांढऱ्या ओरिक्सचा, म्हणजे लांब सरळ शिंगांच्या हरणासारख्या जनावराचा, इतिहास पाहा. ओरिक्स डोंगरातला नव्हे, मोकळ्या वाळवंटाचा, पण धडा तोच आहे. शतकानुशतकं बदू लोक त्याची शिकार करत आणि तो टिकून होता. उंटावरून पाठलाग करून असं जनावर मारायला दिवस लागतो. मोटारी आणि स्वयंचलित बंदुका आल्या, दूरदूरहून शिकारी तांडे येऊ लागले आणि १९७२ साली ओमानच्या जिद्दत अल-हरासीस या वाळवंटी पठारावर शेवटचे रानटी ओरिक्स संपले. शेळीवाल्याचा त्यात हात नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण अशा जागी आठवते.

त्याआधी दहा वर्षं, १९६२ साली, मेजर इयन ग्रिमवुड यांच्या मोहिमेने थोडे ओरिक्स पकडून अमेरिकेत फीनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात पोचवले होते. इतर संग्रहांतले काही मिळवून नऊ जनावरांचा कळप झाला. त्याच्या वंशजांतून १९८२ साली ओमानमधल्या यालूनीला ओरिक्स पुन्हा मोकळे सोडले. राखण करायला नेमले हरासीस टोळीतलेच लोक. ज्यांच्या डोळ्यांदेखत जनावर संपलं, त्यांनाच पगार, गाडी आणि वायरलेस देऊन त्याच्या मागावर ठेवलं. कळप वाढत चारशेच्या पुढे गेला. १९९४ साली तो सगळा मुलूख जागतिक वारसा झाला. आणि मग १९९६पासून जिवंत ओरिक्स पकडून नेणं सुरू झालं, खासगी संग्रहांत विकण्यासाठी. माद्यांना जास्त मागणी. हरासीस राखणदार वाळवंट राखू शकत होते, पण ज्यांच्या बागेसाठी हा सौदा चालला होता ते खरेदीदार त्यांच्या आवाक्यात नव्हते. संख्या कोसळली. २००७ साली ओमानने अभयारण्याचं क्षेत्र नव्वद टक्क्यांनी कमी केलं, तिथे तेल शोधायचं होतं. युनेस्कोने त्याच वर्षी नाव यादीतून काढून टाकलं. वारसास्थळ रद्द होण्याची जगातली ती पहिलीच वेळ.

स्थानिकांना पगारावर ठेवून भागत नाही, असा निष्कर्ष यातून काही जण काढतात. मला तो उलटा वाटतो. स्थानिकांनी चौदा वर्षं आपलं काम चोख केलं. ढासळली ती वरची बाजू, पैसेवाल्यांची आणि सरकारची.

आज अरबस्तानात ओरिक्स किती आहेत? २०१६च्या सुमाराच्या अंदाजाप्रमाणे रानात साधारण बाराशे, आणि कुंपणांत सहा ते सात हजार. म्हणजे जनावर वाढवण्याची विद्या येत नाही, असं मुळीच नाही. ती इतकी आली आहे की जनावरं ठेवायला जागा पुरत नाही. तरी ताहरसाठीही हाच मार्ग पुढे केला जातो. प्रजनन केंद्र हा विमा आहे हे मान्य. १९६२ची मोहीम नसती तर आज ओरिक्स दाखवायला उरला नसता, हेही मान्य. पण ताहर अजून त्याच्या कड्यावर जिवंत आहे. ज्याचं घर शाबूत आहे त्याला आधी घरात जगू द्यायचं सोडून पिंजऱ्यात वाढवायचं, आणि मग शेळ्यांनी खरवडलेल्या त्याच उतारावर सोडायचं, यात फायदा कुणाचा? फीत कापणाऱ्याचा.

आता औदाद. अल्जीरियातल्या टॅसिली नज्जेरच्या प्राचीन प्रस्तरचित्रांत हा मेंढा ओळखू येतो. गळ्यापासून पुढच्या पायांपर्यंत लोंबणारी केसांची झालर, आणि बाहेर वळून मागे गेलेली जाड शिंगं. मोरोक्कोपासून चाडपर्यंतच्या त्याच्या मूळ मुलुखात तो आज ठिकठिकाणी तुटक, मोजका उरला आहे. आणि अमेरिकेत? १९५० साली न्यू मेक्सिकोत आणि त्या दशकाच्या अखेरीस टेक्सासच्या पालो ड्यूरो घळीत शिकारीच्या हौसेसाठी तो सोडला गेला. आज एकट्या टेक्सासमध्ये तो हजारोंनी आहे आणि तिथल्या मूळच्या बिगहॉर्न मेंढ्यांना हुसकावतो म्हणून हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून मारला जातो. स्पेनच्या सिएरा एस्पुन्यातही १९७० साली आणून सोडलेला औदाद पुढे उपद्रवी परका ठरला. वंश टिकला पाहिजे एवढंच आपलं म्हणणं असेल, तर टेक्सासकडे बघून निश्चिंत व्हावं लागेल. पण सहाराच्या कातळांना त्याचा काय उपयोग? तिथलं गवत कोण खाणार, तिथल्या बिया कोण वाहणार?

पैसा कुठे टाकावा याचं उदाहरण अरबांनीच घालून दिलं आहे, तेही आफ्रिकेत. तलवारीसारख्या शिंगांचा ओरिक्स २००० साली रानातून नामशेष जाहीर झाला होता. अबू धाबीच्या पर्यावरण संस्थेने चाड सरकार आणि सहारा कॉन्झर्वेशन यांच्याबरोबर २०१६पासून तो वादी रिमे-वादी अशीम राखीव क्षेत्रात सोडायला सुरुवात केली. हे क्षेत्र सुमारे ७८ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राचा चौथा हिस्सा. त्यात उंटवाले, मेंढीवाले, शेळीवाले पूर्वीसारखे ये-जा करतात. कुंपण नाही, विस्थापन नाही. २०२३ साली लाल यादीत त्याचा दर्जा ‘रानातून नामशेष’वरून ‘संकटग्रस्त’वर आला. चाडचं मोकळं गवताळ रान आणि हजरचे अरुंद कडे यांत फरक आहे, शेळीचा ताण कड्यावर कितीतरी जास्त बसतो. पण माणूस आणि रानजनावर एका मुलुखात मावत नाहीत, हे विधान तरी तिथे टिकलेलं नाही.

मग परवाना देऊन शिकार करू द्यावी, असंही एक मत असतं. पाकिस्तानात चित्राल आणि गिलगिट-बाल्टिस्तानमध्ये मारखोर या रानशेळीच्या थोड्या म्हाताऱ्या नरांचे परवाने परदेशी शिकाऱ्यांना प्रचंड किमतीला विकतात, आणि त्यातले ऐंशी टक्के गावाला जातात. तिथे मारखोर वाढला. ताहरच्या बाबतीत मी याला आज तरी विरोध करीन, कारण विखुरलेल्या दोन-दोन, तीन-तीनच्या कुटुंबांतून एक नर काढणं वेगळं आणि कळपातून काढणं वेगळं. पण मारखोरकडून ते ऐंशी टक्के जरूर उचलावेत. गावाला थेट पैसे मिळतात, म्हणून गाव शेळ्या आवरतं आणि चोरट्या शिकाऱ्याला पकडून देतं.

आपल्याकडेही याचा एक जुना दाखला आहे. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-नगर भागात साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा सगळं आलं. जमीन विकता येईना, विहिरीला परवानगी मिळेना, आणि माळढोकाचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. पुढे क्षेत्र कमी केलं, पण तोवर पक्षी गेलेच होते. कागदावर इतकं मोठं क्षेत्र असूनही माळावर हिंडणाऱ्या धनगराला कुणी राखणदार म्हणून विचारलं नाही. त्याला फक्त चराईचा दंड माहीत झाला.

तर हजरसाठी माझं म्हणणं असं. बेवारस, रानटी झालेल्या शेळ्या आधी डोंगरावरून काढा, आणि हे काम सरकारने स्वतः, पगारी माणसांकरवी करावं. त्यात कुणाच्या मालकीचा प्रश्न येत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच. यात शेळ्या मारल्या जातील आणि शहरातले प्राणिप्रेमी ओरडतील. ओरडू देत. सांगायची गोष्ट एवढीच की हजरमध्ये बिबट्या उरलेला नाही, आणि तो नसताना शेळीची संख्या आपोआप कधीच खाली येणार नाही. मालकीच्या शेळ्यांसाठी वेगळी तजवीज हवी. कळप घटवणाऱ्याला प्रत्येक जनावरामागे मोबदला आणि उरलेल्यांना घराजवळच बांधून चारा. ओमानमधल्या वादी सरीनचं ताहर अभयारण्य १९७०च्या दशकात सुरू झालं तेव्हा राखणदार त्याच खोऱ्यातल्या टोळ्यांमधून घेतले गेले होते. तोच मार्ग रुंद करावा, जिथे ताहर आहे त्या प्रत्येक खोऱ्यात. हजरमध्ये अशी माणसं अजून आहेत जी ताहरची लेंडी आणि शेळीची लेंडी बघता क्षणी वेगळी सांगतील. आणखी वीस वर्षांनी ती नसतील.

आणि शेवटी पीपीआर. आपल्या मेंढपाळांना हा रोग चांगला ठाऊक आहे, शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग म्हणतात त्याला. तोंडात फोड, डोळ्यांतून पाणी, मग हगवण, मग कळपच्या कळप आडवा. १९८३ साली तो अल ऐनच्या प्राणिसंग्रहालयात शिरला तेव्हा गझेल आणि आयबेक्स त्याला बळी पडले होते. २०१७ साली मंगोलियात हाच रोग घरच्या कळपांतून सायगा हरणांत गेला आणि हजारो सायगा मेले. ताहर आणि शेळी एकाच कुंडावर पाणी पितात, तेव्हा हजरमधली प्रत्येक शेळी लस टोचलेली असणं हे ताहरसाठी कुठल्याही प्रजनन केंद्राइतकंच मोलाचं आहे. लस आहे, स्वस्त आहे, आपल्याकडे पशुधन पर्यवेक्षक ती गावोगाव टोचत फिरतात. पण मोकळी सुटलेली शेळी सुई घेऊन कड्यावर चढणाऱ्या डॉक्टरच्या हाती लागत नाही. तिला मालकानेच हाक मारून खाली आणावी लागते, आणि ज्याला उद्या डोंगरातून उठवायचं ठरलं आहे तो मालक आज हाक कशाला मारील?